घरत सिस्टर सही देत नाहीत

घरत सिस्टरांचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. माझा त्यांच्यावर त्याहूनही कमी. सहा महिने आम्ही दोघी एका खोलीत एकमेकींकडे डोळे बारीक करून बघत होतो, आणि आज मी जे काही चार पैशांचं आणि चार माणसांच्या उपयोगाचं काम करते ते त्या सहा महिन्यांमुळे करते, हे कबूल करायला मला बराच वेळ लागला. लोक म्हणतात, चांगले शिक्षक आपल्यावर विश्वास टाकतात. टाकत असतील बाबा. माझं नशीब वेगळं निघालं.

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ एका मिठाईच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास भरायचा. अँब्युलन्सवर पेशंटसोबत जाणाऱ्या टेक्निशियनचा कोर्स. पेशंटला उचलायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, रक्त थांबवायचं, ऑक्सिजन लावायचा, नाडी, बीपी, श्वास मोजून कागदावर लिहायचं आणि हॉस्पिटलच्या हवाली करताना नीट सांगायचं. खालून तुपातल्या जिलेबीचा वास यायचा आणि वर आम्ही रबरी छातीवर दाब द्यायला शिकायचो. त्या रबरी माणसाला आम्ही मुली भाऊजी म्हणायचो. मी तेव्हा बत्तीस वर्षांची, एका मुलाची आई, मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभी राहून पाय सुजवून घेतलेली. सासूबाई म्हणायच्या, "आजाऱ्यांच्या गाडीतनं फिरायला कोन सून पाठवतं गो?" पण मला स्वतःचं असं काहीतरी हवं होतं, आणि ते इथे मिळेल असं वाटत होतं.

पहिल्या दिवशी सिस्टर आल्या. ठेंगणी बांधणी, कडक कांजी केलेली सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला, नाडीशी. उरणकडच्या कोळी. तीस-पस्तीस वर्षं नर्सिंग करून निवृत्त झालेल्या. त्यांनी हजेरी घेतली ती नावांनी नाही, गावांनी.

"तू कुटची?"

"बेलपाडा."

"मंग बेलपाडाच म्हणीन. नाव काय गो, कोनी पन कायपन सांगतं. गाव खोटं सांगायला गेलं की चार प्रश्नांत कळतं."

झालं. शेवटपर्यंत मी बेलपाडा, प्राजक्ता म्हणजे उलवे, आणि एक गप्प बसणारा मुलगा होता तो नेरे.

मग त्या खुर्चीत टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मी पेशंट हाय. एक मिनिट माजे श्वास मोजा आनि चिठ्ठीवर लिवा." आम्ही बावीस जण. मिनिट झालं, चिठ्ठ्या गोळा झाल्या. त्यांनी एकेक मोठ्याने वाचली. अठरा. अठरा. वीस. अठरा. सोळा. अठरा. वाचता वाचता त्यांच्या ओठाचा कोपरा खाली जात होता.

"मी नऊ घेतले," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. घड्याळाकडं बघून. तुमच्यातल्या एकानं नऊ लिवलं, बाकीच्यांनी भिंतीकडं बघून लिवलं."

नऊ लिहिणारा तो नेरे होता. आम्ही सगळे हसलो, थोडे खजील होऊन. त्या नाही हसल्या. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस असतो, म्हणून अठरा लिहिलं की कोणी विचारत नाही, हे त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. "नाडी सगळे मोजतात, बीपीला यंत्र हाय. श्वास कोन मोजत नाय. पूर्ण मिनिट गप बसावं लागतं ना, म्हणून. आनि माणूस बिघडायला लागला की पयला श्वासच बिघडतो."

श्वास मोजायची त्यांची रीत अशी: पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की तो आवरून घेतो. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं, आणि नजर छातीकडे. पुढे आमच्या लक्षात आलं की बाई हे सगळ्यांशीच करतात. बोलता बोलता तुमचा हात हातात घ्यायच्या आणि भलतीकडेच बघत राहायच्या. चहावाल्याचा, संचालकांचा, झाडूवाल्या मावशींचा. पहिल्यांदा वाटायचं, किती मायाळू. मग कळायचं की तुमची तपासणी चालली आहे, आणि हात सोडवून घ्यावासा वाटायचा.

आम्ही पोरी म्हणायचो, सिस्टरांनी हात धरला की पोटातलं काढून घेतात.

एकदा मी त्यांना मासळी बाजारात पाहिलं. कोलंबी आणि बोंबलाच्या पाट्यांमधून चालल्या होत्या. एका पाटीपाशी थांबल्या. विकणारी त्यांची सख्खी मावसबहीण, हे मला मागून कळलं.

"ताजी हाय गो बाय. सकालचीच. तुला काय शिळी देईन?"

"देशील नाय देशील, कल्ला दाखव," म्हणत सिस्टरांनी स्वतःच पापलेटचा कल्ला उचलला, आत बघितलं, वास घेतला, मग दुसऱ्याचा उचलला. मावसबहीण तोंड वाकडं करून बसली होती. मला तिची दया आली आणि सिस्टरांचा राग. सख्ख्या नात्यातही संशय! मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, ही बाई देवळात गेली तर देवाचीसुद्धा नाडी बघेल.

क्लासची एक जुनी अँब्युलन्स होती, सरावासाठी आणि ठरलेल्या हॉस्पिटलांच्या कामासाठी. चालक नदीमभाई, पनवेलचेच, साठीला आलेले. ते म्हणायचे, "सिस्टरना यकीन ही चीज ठाऊकच नाही. मी रोज सांगतो, सिलिंडर भरलेलं आहे. खुदा कसम भरलेलं असतं. तरी स्वतः चावी फिरवून काटा बघणार." काटा बघून झाला की पिशवी उघडणार, मास्क आहे का बघणार, पट्ट्या मोजणार. यंत्रावरही भरवसा नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या क्लिपकडे बघून म्हणायच्या, "हे खोटं बोलत नाय, पन गार बोटाला लावलं की काय वाट्टेल ते बोलतं."

इथपर्यंत गंमत होती. मग प्राजक्ताने एक गोष्ट पाहिली आणि गंमत संपली. आम्ही पेशंट सोडून आलो की सिस्टर नदीमभाईंना बाजूला घेऊन काहीतरी विचारायच्या. आणि नदीमभाई मान हलवायचे. प्राजक्ता जिन्यात आड उभी राहून ऐकून आली. "'पोरीनं मधी पेशंटचा हात सोडला का? फोनवर होती का?' असं विचारत होत्या, ताई. पाळत ठेवतात आपल्यावर!" मग काय, कुजबुज सुरूच झाली. कोणी म्हणालं, त्यांना आधीच्या हॉस्पिटलातून काढलंय. कोणी म्हणालं, त्या संचालकांना आपल्या चुगल्या पोचवतात. कोणी काही पाहिलेलं नव्हतं. मी मात्र सगळं खरं मानलं, कारण मला ते खरं असायला हवं होतं.

कोर्स संपवायला प्रत्येकाला दहा खऱ्या पेशंटांची नोंदवही लागायची. प्रत्येक पेशंटचं एक पान, आणि प्रत्येक पानावर सिस्टरांची सही. माझी नऊ पानं झाली होती, सह्या मिळाल्या होत्या. तळोज्याच्या एका कारखान्यात अँब्युलन्सवर जागा होती. त्यांनी सांगितलं होतं, एक तारखेच्या आत प्रमाणपत्र आणा, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतो. माझं सगळं त्या दहाव्या पानावर अडलं होतं.

दहावा पेशंट नेऱ्याच्या पुढच्या एका वाडीतला म्हातारा. ताप, अशक्तपणा. मुलगा सोबत, आणि तो मुलगा वाटभर बोलतच होता. बाबा कसे ऐकत नाहीत, कसे शेतावर जातात, कसे गोळ्या थुंकतात. म्हातारबाबा म्हणत होते, "मना काय झाला नाय. उगा आणलाय." रस्ता खड्ड्यांचा. मी बीपी दोनदा घेतलं, ताप घेतला, क्लिप लावली, नाडी मोजली. हॉस्पिटलचं फाटक आलं तेव्हा श्वासाचा रकाना रिकामा होता. मी अठरा लिहिलं. उतरवताना सांगितलं, "स्टेबल आहेत." त्यांना टोकाच्या खाटेवर ठेवलं आणि आम्ही निघालो. दुपारी आमच्या नोंदीची प्रत नेहमीसारखी नदीमभाईंनी सिस्टरांच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी गेले. त्यांनी पान वाचलं. चष्मा काढला.

"श्वास मोजलास?"

"हो."

"पूर्ण मिनिट?"

"हो, सिस्टर."

"बेलपाडा, मोजलास का?"

"हो म्हटलं ना!" माझा आवाज चढला.

त्यांनी माझा हात धरला आणि खिडकीकडे बघत राहिल्या. मी हात हिसकून घेतला. मला वाटलं, आता काय मलाच पेशंट करता? त्या एवढंच म्हणाल्या, "पनवेलमदी सगळ्यांचे पेशंट अठराच श्वास घेतात. यावर मी सही देत नाय. दुसरा पेशंट घे. नीट मोज. मंग देते."

एक तारखेला आठ दिवस होते. पुढच्या तीन दिवसांत माझी पाळीच आली नाही. दोनदा अँब्युलन्स बाहेर पडली आणि दोन्ही वेळा दुसऱ्यांचा नंबर. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, अक्षरशः हात जोडले. सांगितलं, नोकरी जाईल, सासरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "मंग सांग, मोजलास का?" पुन्हा तेच. मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी वही परत दिली.

माझं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी आम्ही नऊ-दहा जणांनी बसून संचालकांना अर्ज दिला. सिस्टर पाळत ठेवतात, चालकाकडून चौकशा करतात, मुलांना मानसिक त्रास देतात, वैयक्तिक आकसाने सह्या अडवतात. अर्ज मीच लिहिला. माझं अक्षर सगळ्यांत चांगलं. पहिली सही माझी. नेरेने सही केली नाही. आम्ही त्याला दोन दिवस वाळीत टाकलं.

संचालकांना भांडणं नको होती, विद्यार्थी हवे होते. दोन दिवसांत सिस्टर गेल्या. कपाटातून स्वतःचा बीपीचा पट्टा घेतला, गुंडाळला, पिशवीत टाकला. भाऊजींच्या छातीवरचं झाकण सैल झालं होतं ते दाबून बसवलं. मग माझ्याजवळून जाताना थांबल्या.

"अक्षर चांगलं हाय तुजं," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. नाही वाटलं. पण कामात होते म्हणून तेवढं मनावर घेतलं नाही. नवीन सर आले आणि त्यांनी एका बैठकीत चहा पीत सगळ्यांच्या उरलेल्या सह्या उरकल्या. मात्र माझं दहावं पान त्या चहाच्या गडबडीत तसंच राहिलं. त्यांनी वहीच्या शेवटी एकच सही ठोकली आणि 'सर्व पूर्ण' लिहिलं. प्रमाणपत्र मिळालं. एक तारखेला मी तळोज्याला रुजू झाले.

आठेक महिने गेले. कारखान्यातल्या एका कामगाराला छातीत दुखतं म्हणून आम्ही त्याच हॉस्पिटलला घेऊन गेलो, जिथे म्हातारबाबांना ठेवलं होतं. त्याला आत घेतलं आणि मी बाकड्यावर बसले. तिथल्या वॉर्डाच्या मावशींनी मला ओळखलं.

"नेऱ्याकडच्या वाडीतल्या त्या आजोबांना तूच आणलेलंस ना? तुझी बाई त्याच दिवशी आलेली."

"कोण बाई?"

"घड्याळवाली. चारच्या सुमाराला आली. आजोबांच्या खाटेशी बसली, हात हातात घेऊन. आम्हाला वाटलं, नात्यातली. बराच वेळ बसली, मग उठली ती तडक डॉक्टरांकडे. म्हणाली, चौतीस श्वास घेतोय म्हातारा, बघा आधी. मग धावाधाव. एक्स-रे काढला, न्यूमोनिया निघाला, ऑक्सिजन लावला, वर हलवलं."

मी विचारलं, "मग? वाचले?"

"वाचले. बरेच दिवस होते इथे. डॉक्टर जाम भडकलेले. अठरा कोणी लिहिलं, नाव सांगा म्हणत होते. तुझी बाई म्हणाली, आमच्या क्लासची चूक, माजी चूक, नाव कशाला पायजे?"

मी बाकड्यावर बसून राहिले. मला लाज वाटली, खूप वाटली, आणि लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट होती ती जास्त वाईट होती. त्या दिवशी त्यांनी मला तीनदा विचारलं तेव्हा त्यांना खरा आकडा ठाऊक होता. चौतीस. एका शब्दात त्यांना मला घरी बसवता आलं असतं. त्यांनी फक्त विचारलं. आणि मी अर्ज लिहिला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या गावी गेले. खाडीकाठी घर, ओटीवर सुपात जवळा घेऊन निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. डोळे तेच, बारीक.

"काय गो बेलपाडा? कोन आजारी हाय?"

"कोणी नाही, सिस्टर. सहज आले."

"सहज कोन येत नाय एवड्या लांब."

मी खाली बसले. मावशींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मग म्हटलं, "सिस्टर, मी मोजलं नव्हतं." एवढं वाक्य. आठ महिने पोटात होतं, आणि बाहेर यायला अर्धं मिनिट लागलं.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. जवळ्यातला एक खडा काढून बाजूला टाकला. "बाबा बरा हाय. कागदावर डिस्चार्ज लिवलेला, पन कागदावर काय भरवसा ठेवायचा? मी नेऱ्याला जाऊन बघून आले. वाल लावलेत त्यानं."

मी हसले, आणि हसता हसता रडले. त्यांनी रडू दिलं. मग मी वही काढली, दहावं पान उघडलं आणि विचारलं, "सही द्याल?"

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. "अठरा खोड. काय झालं ते लिव."

मी अठरावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: मोजले नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खाली सही केली आणि तारीख घातली, त्या दिवसाचीच. "मागची तारीख मी टाकत नाय," म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. मी वही घ्यायला हात पुढे केला. त्यांनी वही दिली नाही. त्यांनी पानं मागे उलटायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं. प्रत्येक पानावर त्यांची ठसठशीत सही.

"आनि ही नऊ?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खाडीकडे बघत होत्या. मला हो म्हणता आलं असतं. त्यांनी मानलं असतं की नाही, देव जाणे. मी म्हटलं, "यातले तीन नाही मोजले."

"कुटले?"

मी बोट ठेवलं. दुसरं, पाचवं, आठवं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी तो शोधत होते. मग त्यांनी पेन घेतलं आणि त्या तीन पानांवरच्या स्वतःच्या सह्यांवर रेघ मारली. एकेक, सावकाश, फाटणार नाही इतपत जोर देऊन.

"तुजी तीन, तशी ही माजी तीन," त्या म्हणाल्या. "बघितल्याबिगर दिल्या मी."